मधल्या कपाटातली हिरवी वाटी

श्रीरामपूर,
रविवार, दुपार

श्रीमती बिस्मिल्ला दाऊद पठाण यांस,

सप्रेम जय भीम आणि सलाम. आपण लेकीकडे सुखरूप असाल, आपला गुडघा श्रीगोंद्याच्या हवेत कुरकुर करत नसेल, आणि अरफाच्या घरी कुणीतरी आपल्याला दुपारचा चहा आलं ठेचून (किसून नव्हे) देत असेल, अशी आशा बाळगते. इकडे मी उत्तम आहे. इतकी उत्तम, की शेजारच्या घराला कुलूप आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलेलं नाही. तुमच्या तुळशीशेजारच्या, म्हणजे माझ्या तुळशीशेजारच्या तुमच्या पुदिन्याला मी पाणी घालते ते केवळ पाइप तिथपर्यंत पोचतो म्हणून.

वर 'आपण' आणि 'तुम्ही' केलं ते मुद्दाम. पत्र रागाचं आहे हे पहिल्या ओळीतच कळावं. पण कॉन्व्हेंटच्या पहिल्या बाकापासून तुला तू म्हणत आले, आता पेन वळत नाही. तेव्हा यापुढे तू. पण रागातलं तू, असं वाच. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचल्याची दुसरी खूण उमटत नाही, आणि दिशा म्हणते, "मावशी, तुला ब्लॉक केलंय." (दिशा म्हणजे माझी भाची, पुण्याच्या कंपनीचं काम माझ्या पुढच्या खोलीत बसून करते ती. तुला ठाऊक आहे, पण राग आला की मी सगळं पहिल्यापासून सांगते.) मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा एकमेकांना जोडून दिल्या, आणि म्हातारपणी माझी तार तू तोडलीस. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्ता लिहिताना जिल्हा अहिल्यानगर असाच लिहिला आहे. आपला पोस्टमन नगर म्हणतो आणि तरीही पत्रं पोचवतो, तेव्हा हे गुरुवारच्या आत मिळेल. गुरुवारचं महत्त्व असं, की त्या दिवशी तुझा लेक उझैर गवंडी घेऊन येतोय आणि आपलं मधलं कपाट विटांनी बुजवतोय. मला त्याचं काही नाही. फक्त कळवलं.

आता झालं काय ते नीट मांडते, कारण तू श्रीगोंद्यात जे सांगत असशील ते मला इथे बसून ऐकू येतं. आपलं जोडघर. वर एक छप्पर, एक गच्ची, मधे एक भिंत. पावसात दोन अंगणं ओलांडून वाटी न्यावी लागते म्हणून दाऊदभाईंनी (ते असते तर या प्रकरणात नक्की माझ्या बाजूने बोलले असते) भिंत फोडून सागवानी कपाट बसवलं: एक दार तुझ्या स्वयंपाकघरात, एक माझ्या. तू तुझ्या बाजूने ठेवायचं आणि दोनदा टकटक करायची, मी माझ्या बाजूने उघडायचं. त्या कपाटातून काय काय गेलं आहे! कढीपत्ता, विणकामाच्या सुया, बीपीच्या गोळ्या, ईदचा शीरखुर्मा, भीमजयंतीचे लाडू, आणि एकदा तुझी मांजर, जी तिला हवं ते मागायला स्वतःच आली. संध्याकाळी तू दिवा लावलास की कपाटाच्या फटीतून माझ्या ओट्यावर एक पिवळी रेघ पडायची आणि तिच्या उजेडात माझी भाताची वाफ तुझ्या घराकडे जाताना दिसायची. इतक्या वर्षांत आपण एक गोष्ट मात्र ठरवली नव्हती: कपाटात ठेवलेली वस्तू नक्की कुणाची? तू ठेवलीस म्हणून तुझी, की मी बघितली म्हणून माझी? दोन शहाण्या बायकांच्या मधे असलं काही ठरवावं लागतं हे आपल्याला सुचलंच नाही.

सिस्टर बेनेडिक्टा कायमच्या केरळला परत जाणार, म्हणून आपल्या वर्गाने माझ्याकडे त्यांना निरोपाचा चहा ठेवला. सँडविच माझ्याकडे: काकडीचे, त्रिकोणी, कडा कापलेले, जसे सिस्टरनीच आपल्याला शिकवले. चटणी तुझ्याकडे. टकटक झाली. मी दार उघडलं. तुझं नाव कोरलेली स्टीलची वाटी, काठोकाठ हिरवीगार. मी वास घेतला. चमच्याने चाखली. कोथिंबीर, मिरची, लसूण, सगळं जिथल्या तिथे. "छान झालीय!" असं ओरडलेसुद्धा. तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली, सिस्टर आल्या, मी दार उघडून त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर शाल घातली, परत आले, वाटी उचलली आणि सगळ्या सँडविचना लावली. मधल्या वेळात तू तुझ्या चमच्याला उरलेली चटणी चाखलीस, मीठ विसरल्याचं तुझ्या लक्षात आलं (माझ्या नाही आलं, बीपीमुळे मला अळणी खायची सवय आहे), आणि तू तुझ्या दाराने ती वाटी काढून घेतलीस. आणि कपाट रिकामं कशाला ठेवा म्हणून तिथे तुझ्या नावाची दुसरी वाटी ठेवलीस. हिरवीगार, काठोकाठ. मेंदीची. (मेंदी माझ्यासाठीच होती हे खरं. माझे केस निसर्गतः तांबूस आहेत, निसर्गाला मधूनमधून आठवण करून द्यावी लागते, इतकंच.)

दुसऱ्या कुठल्याही घरी पहिल्याच घासाला आरडाओरडा झाला असता. पण आपण सगळ्या कॉन्व्हेंटच्या मुली! ताटातलं टाकायचं नाही, अन्नाला नाव ठेवायचं नाही, आणि सिस्टर खात असताना तोंड वाकडं तर मुळीच करायचं नाही. सिस्टरनी पहिला त्रिकोण उचलला, सावकाश चावला, डोळे मिटून गिळला आणि म्हणाल्या, "जयमाला, चटणीमध्ये शक्ती आहे." मग बाकीच्यांना खावंच लागलं. सुमनबाईने तर पाहुणचाराला मान म्हणून दुसरा घेतला. मीही खाल्ला. लवंगेच्या तेलाचा वास आला तेव्हा मला वाटलं, बिस्मिल्ला आता चटणीतही प्रयोग करायला लागली. आणि अशा वेळी तू नटूनथटून पुढच्या दाराने आत आलीस, हातात मीठ घालून परत कपाटात ठेवलेली चटणी, आणि म्हणालीस, "अगं, ही उचललीच नाहीस का?" तेवढ्यात सगळ्या वर्गाने तुझ्याकडे बघून हसून स्वागत केलं. सगळ्यांचे ओठ केशरी, दात केशरी, जिभा केशरी.

तू हसलीस. बिस्मिल्ला, तू दाराच्या चौकटीला धरून खाली बसलीस आणि हसलीस, आणि उझैर, जो आइस्क्रीमचा डबा पोचवायला आला होता, तोही हसला. मला मेंदीचं दुःख नाही, हसण्याचं आहे. मी म्हणाले, "मी बघून, चाखून घेतली होती ती वाटी." तू डोळे पुसत म्हणालीस, "उचलली नव्हतीस ना? मग ती माझीच होती, बाई. माझ्या वाटीत मी मीठ घालीन नाहीतर मेंदी." मी म्हणाले, "चाखली म्हणजे माझी झाली." तू म्हणालीस, "हे कुठल्या कोर्टात?" आणि मग मी ते वाक्य बोलले, आणि तुझं हसू थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी तू श्रीगोंद्याची एसटी धरलीस. वाक्य तुला ठाऊक आहे. "बुजवून टाका ते कपाट." सिस्टर तेवढ्या एकट्याच शांत होत्या. स्टीलच्या ट्रेमध्ये स्वतःचं तोंड बघत होत्या आणि कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "या ओठांना आयुष्यात पहिल्यांदा रंग लागला."

आता खरी गंमत दिशाची. ती पोरगी काही दिवसांपासून तोंड पाडून फिरत होती. तिचं काम तिने मला समजावलं ते असं, की एका खऱ्या यंत्राच्या पोटात दोन कल्पित यंत्रं राहतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरं घर एकच, पण प्रत्येकीला वाटतं, सगळं घर आपलंच, गच्चीही आपली आणि विहीरही आपली. घरमालक वर कुठेतरी असतो, तो कुणाला दिसत नाही. एकीने दुसरीच्या घरात डोकवायचं नाही असा सक्त नियम. पण बोलायचं तर असतं, म्हणून मालक दोघींच्या मधे स्मृतीचा एक लहानसा तुकडा सामाईक ठेवतो, दोन्हीकडून उघडणारा. मी इथे हातातलं लाटणं खाली ठेवलं. आणि त्या तुकड्यापाशी प्रत्येक घराचा एक कारकून बसतो, घराच्या अगदी गाभ्यातला, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आत काय घ्यायचं आणि काय नाही ते तो बघतो. तो चुकला तर घाण थेट देवघरात. दिशाने असा एक कारकून लिहिला होता आणि तो तपासणारे गृहस्थ, दूर कुठल्यातरी थंड देशात राहणारे, तिचं काम परत परत पाठवत होते. शेरा एका ओळीचा: तुम्ही दोनदा बघता आहात. मी तर त्यांना चांगलं खरमरीत पत्र लिहिणार होते.

त्या संध्याकाळी मी भांडी आपटत होते, आणि दिशा आपल्या कपाटासमोर जमिनीवर फतकल मारून बसली आणि माझ्या बाजूचं दार उघडून मिटून, उघडून मिटून बघायला लागली.

"मावशी, तू दोनदा बघितलंस."

"दोनदा कुठे? दुसऱ्यांदा बघितलं असतं तर हे झालं असतं का?"

"तेच म्हणते. तपासलीस एक वाटी आणि उचललीस दुसरी. दोन्ही वेळा हात कपाटातच. माझा ड्रायव्हर हेच करतो!"

तिचं म्हणणं असं: पलीकडून निरोप येतो तेव्हा त्यावर लिहिलेलं असतं, मी एवढा लांब आहे. तिचा कारकून लांबी बघतो, आपल्या भांड्यात मावेल असं म्हणतो, आणि मग निरोप ओतून घ्यायला परत सामाईक तुकड्याकडे जाऊन लांबी पुन्हा वाचतो. तेवढ्या क्षणात पलीकडचीने आकडा बदलला की संपलं. भांडं लहान, धार मोठी, सगळं घरभर. (तू एकदा थोडं दूध म्हणालीस आणि मी लहान पातेलं धरलं होतं, तो दिवस आठव.) पलीकडची वाईटच असते असं नाही, दिशा म्हणाली, पण ती चांगली आहे या भरवशावर कारकुनाने काम करायचं नसतं. उपाय एवढाच: कपाटात हात एकदाच घालायचा. जे असेल ते आधी आपल्या घरात, आपल्या भांड्यात आणायचं. मग दार लावून सावकाश तपासायचं. आणि वापरायचं तेच, जे तपासलं. परत कपाटात डोकवायचंच नाही. त्यातही मेख अशी, की कारकून माणसाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक दुभाष्या असतो. तो अतिशहाणा. तुम्ही एकदाच बघा असं लिहिलं तरी तो जागा वाचवायला म्हणून परस्पर दोनदा बघायला लावतो. म्हणून त्याला एकदाच, अशी ठणकावून ताकीद लिहावी लागते. मी म्हटलं, असा एक माणूस आमच्या एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होता.

मला राग आला, पण ऐकत राहिले. ती रंगात आली होती. म्हणाली, तिकडे वाटी ठेवायच्या आधी घासावी लागते, रिकामी दिसली तरी. नाहीतर आधीच्या वस्तूचा वास पलीकडे जातो आणि आपल्या घरात काय शिजलं ते कळतं. (म्हणजे सुमनबाईच्या सुनेची गोष्ट तुला कळली ती कपाटातून पाठवलेल्या पुडीच्या कागदावर मी आधी लिहिलेल्या ओळींमुळे, होय ना?) आणि कपाट परत आपल्या एकटीच्या वापराला घ्यायचं असेल तर आधी पलीकडचीचा हात बाहेर आला आहे याची खात्री करायची, मग दार लावायचं. मी म्हटलं, हे सगळं ठीक, पण आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. दिशा म्हणाली, "मावशी, ते यंत्राला नाही समजत." मी म्हटलं, मग ते यंत्र कुठल्या घरात वाढलं?

दिशाने कारकून दुरुस्त केला आणि समजावायला सोबत आपली गोष्ट लिहून पाठवली: दोन शेजारणी, एक कपाट, चटणी, मेंदी. थंड देशातल्या गृहस्थांनी काम लगेच पास केलं. आणि खाली विचारलं, मग त्या दोघी बोलायला लागल्या का? मी दिशाला सांगितलं, त्यांना कळव की परीक्षकाने पेपराबाहेरचं विचारू नये. तिने काही कळवलेलं नाही. कंपनीचं सगळं काम सोडून रोज दुपारी माझ्या तोंडाकडे बघते.

दुपारी हल्ली मला झोप लागते, तीसुद्धा विचित्र. बाहेर उसाच्या ट्रॉल्या घरंगळत जातात, कारखान्याच्या मळीचा गोड कुबट वास पडद्यातून येतो, आणि मी अर्धी जागी असताना यंत्राच्या पोटात उतरते. तिथे एक घर आहे आणि ते सगळं माझं आहे. अंगणात कडुलिंब, विहिरीत आभाळ. कुणी आडवं यायला नाही. मी हिंडते आणि मला फार बरं वाटतं, आणि मग लक्षात येतं की कडुलिंबाची एक फांदी हलते आहे, पण इथे वारा नाही. तो वारा दुसऱ्या घरातला आहे. तिथेही हाच कडुलिंब आहे आणि त्याखाली तू मेंदी वाटते आहेस, आणि तुलाही वाटतं आहे की सगळं घर तुझं. मधे भिंत दिसत नाही. फक्त एक्स्चेंजमधल्या माझ्या जुन्या बोर्डावरचे दिवे हवेत टांगलेले, एकेक पेटतो आणि विझतो, म्हणजे कुणीतरी कुणालातरी बोलावतं आहे. मी तार हातात घेते. खोचायचं भोक सापडत नाही. हात फिरवत फिरवत लाकूड लागतं, सागाचं, दाऊदभाईंनी रंधा मारलेलं, गार. मी कान लावते. पलीकडे कुणी मीठ शोधतं आहे. इतका साधा आवाज, बरणीचं झाकण आणि चमचा, आणि स्वप्नात मला तो सगळ्या घरापेक्षा मोठा वाटतो. जाग येते तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलेलं असतं आणि पिवळी रेघ पडायची वेळ होऊन गेलेली असते.

असो. स्वप्न कळवण्याचं कारण नव्हतं. मुद्दा असा, की उझैरने माझं वाक्य उचलून धरलं आहे. "मावशी, तुम्ही म्हणालात म्हणजे झालं, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही." (गच्ची गळते म्हणून मी सांगते तो शब्द मात्र दर पावसाळ्यात खाली पडतो, थेट माझ्या पलंगावर.) काल काकासाहेब गवंडी येऊन माप घेऊन गेले. कपाटात डोकं घालून म्हणाले, "बाई, येका बाजूनं बुजवून भागत न्हाई. तिकडनं बी विटा लावाव्या लागत्याल, न्हाईतर मदी पोकळी ऱ्हाती आन मुंग्यांचं बिऱ्हाड व्हतं. त्या बाईंचं व्हय हाय का, तेवडं इचारून ठिवा." मी म्हटलं, त्या बाई आम्हाला विचारून काही करत नाहीत. ते म्हणाले, "मंग आमी बिस्तरवारी दोनी दारं उपटतो." आणि त्यांनी दाऊदभाईंच्या दारावर खडूने फुली मारली. माझ्या बाजूच्या. ती मी पुसली नाही. तिच्याकडे बघत चहा पिते.

फार लिहिलं. मोठ्यांना आदाब, अरफाच्या लेकरांना पापा, आणि तुला माझा राग जसाच्या तसा.

तुझी (या शब्दावर जाऊ नकोस, पत्राच्या शेवटी असं लिहायची पद्धत आहे),
जयमाला

ता.क. सिस्टर बेनेडिक्टा पोचल्या. ओठांचा रंग अजून गेलेला नाही, आणि तो जाईपर्यंत आरसा खोलीतच ठेवायची परवानगी मदरनी दिली आहे, असं कळवतात. मेंदी कुणी वाटली होती ते त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. कौतुक मी ठेवून घेणारी नाही.

दुसरा ता.क. कपाट बुजवा असं मी म्हणाले आहे आणि मी बोललेलं मागे घेत नसते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा तूच उझैरला फोन करून नाही म्हण. तुझ्या बाजूने 'नाही' आलं की काकासाहेबांचं काम अडतं. कारण काहीही सांग: लाकूड चांगलं आहे, मुंग्या होतील, तुझी मर्जी. फक्त मी सुचवलं असं सांगू नकोस. आणि बुधवारच्या आत सांग. थंड देशातल्या त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं राहिलं आहे आणि दिशाची मला दया येते.

तिसरा, आणि शेवटचा. तुझी ती वाटी मी घासली. दोनदा, चिंचेने, मेंदीचा वाससुद्धा उरलेला नाही. रिकामी परत करत नाही. तिच्यात शेंगदाण्याची सुकी चटणी भरली आहे, ती पंधरा दिवस टिकते, आणि लाल आहे, म्हणजे दुसऱ्या कशासारखी दिसणार नाही. मधल्या कपाटात ठेवली, हात बाहेर काढला आणि माझ्या बाजूचं दार लावून घेतलं. आता मी उघडून बघणार नाही. मीठ घातलं आहे असं मला वाटतं. चाखून बघ, पण आधी उचल.